‘बोली ९९ रुपयांपासून’ लिहिण्याआधी...

इन्स्टाग्रामवर चित्रकला शिकणाऱ्या दोन-चार जणांना जरी फॉलो करत असाल, तरी ही पोस्ट तुम्ही पाहिली असणार. कॅनव्हासचा एक छान फोटो, मागे हॉस्टेलची भिंत आणि खाली मजकूर : ‘ऑक्शन टाइम! एसबी ९९. रविवारी रात्री ९ पर्यंत कमेंटमध्ये बोली लावा.’ एसबी म्हणजे स्टार्टिंग बिड. त्याखाली पन्नास हार्ट, ‘कडक’, ‘लय भारी’, ‘कसलं काढलंयस यार’ आणि खऱ्या बोल्या तीन. १००, १५०, ३००. नऊ वाजतात, चित्र तीनशेला जातं. चित्र काढायला दोन आठवडे लागलेले असतात आणि नुसत्या कॅनव्हासलाच तीनशेच्या वर पैसे गेलेले असतात.

फाइन आर्टला असलेल्या माझ्या मैत्रिणी आणि मित्रांशी या विषयावर बोलले की उत्तर साधारण एकच येतं. ‘कमी ठेवली की लोक येतात, आणि लोक आले की किंमत आपोआप वर जाते.’ ऐकायला हे पटतं. मोठ्या लिलावांच्या बातम्याही तेच सांगतात. पण माझं म्हणणं असं आहे की हे वाक्य अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात विद्यार्थ्यांचं नुकसान होतंय. ऑनलाइन लिलाव वाईट नाही. गॅलरीची ओळख नाही, दुकानाचं भाडं परवडत नाही अशा मुलामुलींसाठी तो चांगला रस्ता आहे. पण लिलावात पहिला आकडा काय लिहायचा, हा निर्णय आपण फार सहज घेतो.

किंमत दुसरा माणूस ठरवतो

लिलावाबद्दल एक गोष्ट शाळेत कुणी सांगत नाही. चित्र जिंकणारा माणूस आपल्या मनातली सगळी किंमत देत नाही. त्याच्या खालचा माणूस जिथे थांबतो, त्याच्यापेक्षा थोडंसं जास्त तो देतो.

उदाहरण घेऊ. समजा तुमचं चित्र एका माणसाला इतकं आवडलंय की तो ८ हजार द्यायला तयार आहे. दुसरा एक जण आहे, त्याची तयारी २ हजारांची. बोली ९९ पासून सुरू झाली. दोघं चढत गेले, २ हजारांवर दुसरा थांबला, पहिल्याने २१०० म्हटलं आणि चित्र त्याचं झालं. त्याच्या खिशातले उरलेले ५९०० रुपये तुम्हाला कधी दिसलेच नाहीत. आता हाच लिलाव ५ हजारांपासून सुरू केला असता तर? दुसरा माणूस आलाच नसता, पण पहिल्याने ५ हजार दिले असते. तोच माणूस, तेच चित्र, फरक २९०० रुपयांचा.

आता यात तिसरा माणूस घाला, ज्याची तयारी ७ हजारांची आहे. मग ९९ पासून सुरू करा किंवा ५ हजारांपासून, चित्र ७ हजारांच्या थोडं वर जाईल. म्हणजे सुरुवातीची किंमत कधी महत्त्वाची? जेव्हा तगडे बोलीदार कमी असतात तेव्हा. आणि आपल्या कॉलेजच्या पोरांच्या लिलावात ते जवळपास नेहमीच कमी असतात.

ही माझी थिअरी नाही. विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये लिलावांवर जो पेपर लिहिला, त्यात ‘दुसऱ्या क्रमांकाची किंमत’ हा विचार नीट मांडला होता. १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ईबेसारख्या साइटवर आपण आपली कमाल रक्कम टाकून ठेवतो आणि यंत्रणा गरजेपुरतीच बोली वाढवत जाते, तीही साधारण याच हिशेबाने चालते.

याच विषयात जेरेमी ब्युलो आणि पॉल क्लेम्परर यांचा १९९६ चा एक गाजलेला निष्कर्ष आहे. किमान किंमत कितीही हुशारीने ठरवा, त्यापेक्षा एक जास्तीचा खरा बोलीदार आणणं विक्रेत्याच्या जास्त फायद्याचं ठरतं. आपल्या भाषेत सांगायचं तर आकड्यावर डोकं खपवण्याआधी माणसं गोळा करा. लिलावाच्या आधी आठवडाभर चित्राची प्रक्रिया दाखवा, उजेडात नीट फोटो काढा, माप इंचात लिहा, माध्यम लिहा, फ्रेम आहे की नाही ते लिहा, चित्राची एक बाजू हातात धरूनही दाखवा म्हणजे आकार कळतो. ज्यांनी आधी कधी तुमच्याकडून काही घेतलंय त्यांना स्वतः मेसेज करा. आणि मग स्वतःला विचारा : मला ओळखणारे नाही, तर खरोखर पैसे देणारे किती जण त्या रात्री हजर असतील? उत्तर चारपेक्षा कमी असेल तर ९९ चा नाद सोडा.

‘कमी ठेवली की वाढते’ कुठे खरं ठरतं?

कमी किमतीची बाजू घेणाऱ्यांकडे पुरावा आहे, तोही बघू. २००६ मध्ये गिलियन कू, अ‍ॅडम गलिन्स्की आणि किथ मर्निघन यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ईबेवरच्या लिलावांत त्यांना दिसलं की कमी किमतीपासून सुरू झालेल्या वस्तू अनेकदा जास्त किमतीला जातात. कारणं साधी आहेत. कमी किंमत पाहून जास्त लोक शिरतात. एकदा बोली लावली की वेळ आणि मन गुंतल्यामुळे माणूस सहज मागे हटत नाही. आणि गर्दी पाहून बाकीच्यांना वाटतं, यात काहीतरी आहे बुवा.

पण याच अभ्यासातला दुसरा भाग कुणी सांगत नाही. काही विक्रेत्यांनी वस्तूच्या नावाचं स्पेलिंग चुकवलं होतं. त्यामुळे शोधणाऱ्यांना ती वस्तू सापडत नव्हती आणि गर्दी जमत नव्हती. अशा लिलावांत कमी सुरुवातीचा परिणाम उलटा झाला, शेवटची किंमतही कमीच राहिली. म्हणजे जादू ९९ या आकड्यात नाही, गर्दीत आहे. आपल्या चारशे फॉलोअर्सच्या अकाउंटची अवस्था त्या चुकलेल्या स्पेलिंगसारखीच असते. त्यातले दोनशे वर्गातले, पन्नास नातेवाईक आणि पन्नास आपल्यासारखेच चित्र विकायला बसलेले.

बीपलचं उदाहरण सगळे देतात. माइक विंकेलमन हे त्याचं खरं नाव. रोज एक चित्र असं करत जमवलेल्या पहिल्या ५ हजार चित्रांचं त्याचं डिजिटल काम क्रिस्टीजने २०२१ मध्ये ऑनलाइन लिलावात ठेवलं. सुरुवातीची बोली होती १०० डॉलर. ११ मार्चला लिलाव संपला तेव्हा आकडा होता ६ कोटी ९३ लाख डॉलर, म्हणजे आपले पाचशे कोटींच्या वर. घेणारा होता तमिळनाडूतून सिंगापूरला गेलेला विघ्नेश सुंदरेसन. ‘बघ, शंभर डॉलरपासून सुरू केलं होतं!’ हो, केलं होतं. पण त्या क्षणी बीपलकडे लाखो फॉलोअर्स होते, काही महिन्यांपूर्वीच त्याची कामं लाखो डॉलरला गेली होती, मागे क्रिस्टीजसारखं घर होतं आणि एनएफटीचा ताप जगभर चढला होता. १०० डॉलर ही तिथे किंमत नव्हतीच, ती बातमी होती.

आपल्या मातीतलं उदाहरण हवं असेल तर पंढरपुरात जन्मलेल्या एम. एफ. हुसेन यांचं घ्या. त्यांचं १९५४ चं ‘ग्राम यात्रा’ हे चित्र ऑस्लोच्या एका हॉस्पिटलमध्ये अनेक वर्षं भिंतीवर होतं. मार्च २०२५ मध्ये ते क्रिस्टीजच्या न्यूयॉर्कच्या लिलावात आलं. अंदाजित किंमत २५ ते ३५ लाख डॉलर दिली होती. गेलं १ कोटी ३७ लाख डॉलरच्या वर, साधारण ११८ कोटी रुपयांना. लिलावघरं अंदाज मुद्दाम माफक ठेवतात, म्हणजे जास्त लोक हात वर करतात. पण त्यांना माहीत असतं की हात वर करणारे खोलीत, फोनवर आणि स्क्रीनवर बसलेले आहेत. आपल्याला ते माहीत नसतं. त्यांची कमी किंमत ही चाल असते. आपली कमी किंमत बहुतेक वेळा भीती असते. ‘जास्त लिहिली आणि कुणीच आलं नाही तर?’

मग सुरुवात कुठून?

भीतीवर उपाय म्हणजे हिशेब. कागद घ्या. समजा १२ बाय १६ इंचाचं अ‍ॅक्रिलिकचं काम आहे. कॅनव्हास ३५०, रंग आणि वार्निश ६००, पॅकिंग २५०, कुरिअर ३००. झाले दीड हजार. हे तर खिशातून गेलेलेच पैसे. आता वेळ. वीस तास लागले असतील आणि तासाला फक्त १०० रुपये धरले तरी २ हजार होतात. बेरीज साडेतीन हजार. एखाद्या साइटवरून विकताय आणि ती ३० टक्के कमिशन घेतेय असं धरा. मग हातात साडेतीन हजार यायला चित्र ५ हजारांना जायला हवं. आकडे तुमचे तुम्ही बदला, पद्धत हीच ठेवा.

हे ५ हजार म्हणजे चित्राची ‘योग्य किंमत’ नव्हे. ही तळरेषा आहे. याच्या खाली गेलात तर तुम्ही चित्र विकत नाही, चित्रासोबत स्वतःचे पैसे देताय. कमेंटमधल्या लिलावात मी हीच तळरेषा सुरुवातीची बोली म्हणून लिहावी असं म्हणेन. कुणी म्हणेल, तासाला शंभर रुपये ही काय मजुरी झाली? बरोबर आहे, कमीच आहे. पण आज बहुतेक जण शून्य धरतात, त्यापेक्षा बरी.

एक बारकावा मोठ्या आकड्यांत लपलेला असतो. लिलावघराच्या बातमीतला आकडा हा हातोडा पडला ती रक्कम नसतो, त्यात खरेदीदाराकडून घेतलेला प्रीमियमही असतो. बीपलच्या लिलावात हातोडा पडला ६ कोटी २ लाख डॉलरवर. वरचे ९० लाख हा प्रीमियम. म्हणून कुठल्याही साइटवर काम टाकण्याआधी तीन प्रश्न विचारा : विकणाऱ्याकडून किती कापता, घेणाऱ्याकडून किती घेता आणि कुरिअर कोणाच्या डोक्यावर? घेणारा माणूस आपल्या मनात एकूण खर्चाचा आकडा धरून येतो. प्रीमियम आणि कुरिअर वाढले की तो बोली तेवढी खाली लावतो. शेवटी ते तुमच्याच खिशातून जातं.

बोलीची पायरीही आधीच ठरवा. ‘कितीही वाढवा’ म्हटलं की दहा-दहा रुपयांनी खेळ सुरू होतो आणि गंभीर माणूस कंटाळून निघून जातो. ५ हजारांच्या चित्राला किमान ५०० ची पायरी ठेवली तर लिलाव सुटसुटीत राहतो.

न विकलं गेलं तर?

प्रश्न रास्त आहे. ५ हजार लिहिले आणि एकही बोली आली नाही तर चित्र जगासमोर पडल्यासारखं होतं. याचाही अभ्यास झालाय. अ‍ॅलन बेग्ज आणि कॅथरिन ग्रॅडी यांनी लिलावघरांतल्या चित्रांची आकडेवारी तपासली. एकदा लिलावात येऊन किमान किंमत न गाठलेली आणि नंतर विकली गेलेली चित्रं इतरांच्या तुलनेत साधारण ३० टक्के कमी परतावा देतात असं त्यांना दिसलं. या व्यवहारात अशा चित्राला ‘जळालेलं’ म्हणतात. ती चित्रं आपल्या पातळीची नाहीत हे खरं, पण माणसाचं मन तेच आहे. इतरांनी नाकारलेली गोष्ट आपणही जरा संशयाने बघतो.

यातून धडा ‘९९ ठेवा’ असा निघत नाही. धडा असा की तळरेषा हवेत ठरवू नका आणि न विकलेलं चित्र पुढच्याच रविवारी अर्ध्या किमतीत पुन्हा टाकू नका. चार-सहा महिने थांबा. नंतर ते दुसऱ्या कामांबरोबर, ठरलेल्या किमतीला दाखवा.

काही जण मधला मार्ग काढतात. सुरुवात ९९ पासून, पण मनात गुप्त किमान किंमत. लिलावघरं अशी राखीव किंमत ठेवतात आणि ती चालते, कारण नियम आधी छापलेले असतात. कमेंटमध्ये मात्र लोक तीन दिवस बोल्या लावतात आणि शेवटी तुम्ही म्हणता, ‘सॉरी, माझी किंमत आली नाही.’ पुढच्या वेळी त्यातलं कोणी परत येत नाही. राखीव किंमत ठेवायचीच असेल तर ‘राखीव किंमत आहे’ एवढं तरी पोस्टमध्ये स्पष्ट लिहा.

रूममेटची बोली

आता जरा कडू विषय. ‘तू फक्त पहिली बोली लाव रे, नंतर मी बघतो.’ हे वाक्य आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय? मजेत, मदत म्हणून, लिलाव ओस दिसू नये म्हणून.

अमेरिकेत २००० साली केनेथ वॉल्टन नावाच्या वकिलाने ईबेवर एक अमूर्त चित्र टाकलं. सुरुवात २५ सेंटपासून. चित्रावर ‘आरडी ५२’ अशी सही होती. वॉल्टनने चित्रकाराचं नाव घेतलंच नाही, पण पाहणाऱ्यांना वाटलं की हे रिचर्ड डिबेनकॉर्नचं हरवलेलं काम असावं. आकडा १ लाख ३५ हजार ८०५ डॉलरवर पोचला. मग उघड झालं की बोल्यांमध्ये स्वतः वॉल्टनचीही एक होती, आणि तो व त्याचे साथीदार एकमेकांच्या लिलावांत सर्रास बोल्या लावत होते. ईबेने विक्री रद्द केली. वॉल्टनने पुढे गुन्हा कबूल केला. सही खोटी होतीच, पण किंमतही खोटीच होती.

आपला कायदाही याबाबत स्पष्ट आहे, आणि जुना आहे. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याचं कलम ६४ लिलावावर आहे. विक्रेत्याने बोली लावण्याचा हक्क आधी जाहीर करून राखून ठेवला नसेल, तर त्याने स्वतः बोली लावणं किंवा दुसऱ्याला लावायला सांगणं बेकायदा आहे. खरेदीदार अशी विक्री फसवणूक मानू शकतो. भाव चढवायला खोटी बोली लावली तर खरेदीदार व्यवहार मोडू शकतो. त्याच कलमात राखीव किंमत जाहीर करण्याची सोयही दिली आहे. म्हणजे सरळ मार्ग आहे, तो वापरा. रूममेटला बोली लावायला सांगण्याची गरजच मुळात ९९ मुळे पडते. तळरेषेपासून सुरू केलं तर ‘किंमत खाली राहील’ ही काळजी उरत नाही.

घड्याळाचा खेळ

रात्री ९ म्हणजे ९ वाजून शून्य सेकंद की ९ वाजून ५९ सेकंद? हसू नका, यावर भांडणं होतात. अल्विन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ऑकेनफेल्स यांनी २००२ मध्ये ईबे आणि तेव्हाच्या अ‍ॅमेझॉनच्या लिलावांची तुलना केली. ईबेवर लिलाव ठरल्या क्षणी बंद व्हायचा. अ‍ॅमेझॉनवर शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ वाढायची. ईबेवर शेवटच्या क्षणी झडप घालणारे कितीतरी जास्त निघाले. शेवटच्या सेकंदाला आलेल्या बोलीला उत्तर द्यायला दुसऱ्याकडे वेळच नसतो, आणि नुकसान विक्रेत्याचं होतं.

म्हणून पोस्टमध्ये एक ओळ घाला : ‘शेवटच्या ५ मिनिटांत बोली आली तर लिलाव ५ मिनिटांनी वाढेल.’ पैसे किती तासांत भरायचे, न भरल्यास चित्र दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराला त्याच्या किमतीत दिलं जाईल, हेही लिहा. जिंकून गायब होणारे महाभाग भरपूर आहेत. आणि तारीख निवडताना महिन्याचा शेवटचा आठवडा टाळा. आपला खरेदीदार बहुधा नुकती नोकरी लागलेला दादा किंवा ताई असतो. पगार झाला की त्याचा हात जरा सैल असतो.

सगळंच लिलावात नको

माझा सगळ्यात मोठा आक्षेप इथे आहे. काही अकाउंटवर तर प्रत्येक काम लिलावातच निघतं. एक चित्र ४०० ला, त्याच मापाचं दुसरं २२०० ला, तिसरं ३५० ला. आता ज्याने २२०० दिले त्याला काय वाटेल? आणि उद्या एखाद्या गॅलरीने विचारलं, ‘तुमच्या या मापाच्या कामाची किंमत काय?’ तर तुम्ही काय सांगणार?

गॅलऱ्या नवोदितांची किंमत अनेकदा मापावर ठरवतात. इंचाचा किंवा लांबी-रुंदीचा दर ठरतो आणि सगळ्या कामांना तोच लागतो. आणि किंमत खाली आणणं त्या शक्यतो टाळतात. ओलाव्ह व्हेल्थाउस या समाजशास्त्रज्ञाने गॅलरीवाल्यांशी बोलून २००५ मध्ये एक पुस्तक लिहिलं. किंमत कमी करणं हा तिथे चित्रकाराबद्दलचा वाईट संकेत मानला जातो, असं त्यात दिसतं. भाजी संध्याकाळी स्वस्त केली तर कुणी काही म्हणत नाही. चित्राचं तसं नाही. म्हणून कॅनव्हासवरच्या मुख्य कामांना ठरलेली किंमत लावा. ती हळूहळू वाढवा. लिलावात वर्षातून दोन-तीन कामंच काढा, तीही अशी की ज्यांच्यासाठी दोन जण आधीच विचारून गेलेत. लिलाव तिथेच शोभतो जिथे चित्र एक आणि मागणारे अनेक.

आणखी दोन गोष्टी बिलावर लिहून द्या, कारण बिल दिलंच पाहिजे. पहिली : चित्र विकलं म्हणजे त्याचे हक्क विकले असं होत नाही. लेखी दिल्याशिवाय तुमच्या चित्राचे टी-शर्ट किंवा पोस्टर छापायचा हक्क घेणाऱ्याला मिळत नाही. दुसरी : आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम ५३-अ आहे. मूळ चित्र पुढे १० हजारांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं तर मूळ चित्रकाराला त्यात वाटा मिळण्याची तरतूद आहे, जास्तीत जास्त १० टक्क्यांपर्यंत. प्रत्यक्षात या कलमाचा फारसा उपयोग कोणी करत नाही. पण तुमचं चित्र कोणाकडे, कधी, कितीला गेलं याची नोंदच नसेल तर हक्क सांगायचा कशाच्या जोरावर?

‘पण आम्हाला पैसे नकोच होते’

हा युक्तिवादही ऐकलाय. ‘मला एक्स्पोजर हवंय. चित्र कपाटात धूळ खाण्यापेक्षा कुणाच्या भिंतीवर गेलं तर बरं.’ भावना समजते. त्यासाठी लहान कामं आहेत ना. स्केचबुकातली पानं, अभ्यासाची चित्रं, पोस्टकार्डाएवढे जलरंग, प्रिंट्स. ती ९९ पासून लिलावात काढा, धमाल करा, लोकांना सवय लावा. पहिल्यांदा चित्र विकत घेणाऱ्या माणसाला हे दार सोपं वाटतं, हे मलाही मान्य आहे. फक्त महिनाभर खपून केलेलं काम त्याच टोपलीत टाकू नका.

आणि हा प्रश्न एकट्याचा नाही. शेवटच्या वर्षाची एक मुलगी आपलं काम तीनशेला विकते, तेव्हा तिच्याच बॅचच्या दुसऱ्या मुलाला कुणीतरी विचारतं, ‘तुझं अडीच हजार कसं? ती तर तीनशेत देते.’ ज्याच्या घरून पैसे येतात त्याला तोटा परवडतो. ज्याला याच पैशातून पुढचे रंग आणायचेत, खोलीचं भाडं भरायचंय, त्याचा बाजार मात्र बिघडतो. ९९ ची बोली दिसायला सगळ्यांना सारखी संधी देते, पण ती खेळू शकतो तोच ज्याला हरणं परवडतं.

मी ज्यांच्याशी बोलले त्यातल्या एकालाही कॉलेजात किंमत कशी ठरवायची हे कुणी शिकवलेलं नाही. रंगाचे, रेषेचे, कलेच्या इतिहासाचे तास आहेत. वार्षिक प्रदर्शनात चित्राखाली किमतीची चिठ्ठीही लागते, पण तो आकडा कुठून आला हे कोणी विचारत नाही. प्रत्येक कला महाविद्यालयाने वार्षिक प्रदर्शनाआधी एक दिवस फक्त यासाठी ठेवावा. खर्चाचा तक्ता, बिलाचा नमुना, कमिशनचं गणित, लिलावाचे नियम. एक गॅलरीवाला, एक वकील आणि चित्रं विकून जगणारा एक सीनियर बोलवा, बास. फार मोठी मागणी नाही ही.

हे पान वाचणाऱ्यांत चित्र काढणारे थोडे आणि बघणारे जास्त असतील. त्यांच्यासाठीही एक सांगणं आहे. कमेंटमध्ये गंमत म्हणून बोली लावू नका, आणि लावली तर पैसे द्या. पुढच्या वेळी मित्राच्या पोस्टवर ‘कडक’ लिहिण्याआधी त्याला किंमत विचारा. परवडत नसेल तर ज्याला परवडेल अशा कुणाला ती पोस्ट पाठवा. लिलावात एक खरा माणूस वाढला की चित्रकाराला काय मिळतं, ते वर लिहिलंच आहे.